पार्टिशनच्या अलीकडची प्रार्थना

"तू देवाशी बोलत होतीस की माझ्याशी, तेवढंच सांग."

"प्रार्थना करत होते. प्रार्थना कोणाशी करतात?"

"तेच तर विचारतोय. 'प्रभू, जे लोक घाईघाईनं गॅस मोठा करतात आणि दुसऱ्याची मेहनत मातीत घालतात, त्यांना तू सुबुद्धी दे.' आता हे देवाला सांगायचं तर आधी शेगडी कोणती, पातेलं कोणतं, सगळं समजावून सांगायला हवं. मला मात्र एका दमात समजलं."

"देवाला सगळं ठाऊक असतं."

"मग एवढ्या मोठ्यानं कशाला?"

दातवालीनं टेबलावरची कवळी उचलली आणि भावाच्या नाकासमोर धरली. वरची कवळी, टपरीवाल्या आजींची. दात सरळ, पांढरे, शहाण्यासारखे रांगेत बसलेले. पण त्यांच्या मागची गुलाबी हिरडी स्पंजासारखी बुडबुड्यांनी भरली होती. मेणाचा साचा, त्यावर प्लास्टर, त्यात गुलाबी मसाला दाबून पितळी डबी बंद करायची आणि पातेल्यातल्या पाण्यात ती हळूहळू तापवायची, ही त्यांच्या घरची रीत. आच वाढवली की वरून सगळं ठीक दिसतं आणि आतून पोकळ होतं. डबी उघडेपर्यंत कळत नाही. काल संध्याकाळी बायकोला स्टँडवरून आणायचं म्हणून भावानं आच वाढवली होती, आणि आज सकाळी डबी उघडली होती दातवालीनं.

"हे बघ. आणि मग मला शिकव."

"बघितलं. माझी चूक. मान्य. आता तू मला सरळ म्हण, 'बाळ्या, तू गाढव आहेस.' ऐकून घेईन. पण आत जाऊन, दार लावून, हात जोडून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात देवाकडे चुगली करायची, हे कुठलं?"

"चुगली?"

"नाहीतर काय. गेल्या महिन्यात कोणासाठी मागणं होतं? 'जे उपासनेला येत नाहीत त्यांच्यासाठी.' त्याआधी? 'जे बायकोच्या ताटाखालचं मांजर झालेत त्यांच्यासाठी.' ते शब्द तसे नव्हते, पण मांजर कोण ते मला कळलं. आपल्या दोघांत हे पार्टिशन आहे ना, ताई, प्लायवूडचं, तुझी प्रार्थना त्याच्यावर येऊन आदळते आणि माझ्या कानात पडते. त्याच्या वर गेलेली मी तरी पाहिली नाही."

एवढं बोलून त्यानं पॉलिशची मोटर चालू केली. मोटर सुरू झाली की त्या खोलीत भांडणाला जागाच उरत नसे. पण दातवाली दाराशी पोचते न पोचते तोच त्यानं ती बंद केली.

"आणि पुलापलीकडच्या दातांच्या लॅबवाल्यानं मला परत विचारलंय, कामाला येतोस का. या वेळी मी नाही म्हणणार नाही. महिनाअखेरीला सांगतो त्याला."

मोटर परत चालू झाली.

दातवाली म्हणजे त्या गल्लीतली सगळ्यांची ताई. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं बारीक, आवाजानं भरदार. पुढची खोली दुकानाची, मागची तिची, मध्ये ते पार्टिशन, आणि वरच्या मजल्यावर भाऊ, भावजय आणि त्यांचा संसार. कवळ्यांचं दुकान वडिलांनी काढलं. वडिलांचे हात थरथरायला लागले तेव्हा मुलगा कंपनीत नोकरीला होता, म्हणून मुलीनं हातात मेण घेतलं, आणि पुढं ते सोडायचं कारण कधी घडलं नाही. लग्नाचं विचारणाऱ्यांना ती सांगायची, "तोंडं बघून बघून कंटाळले. आता आणखी एक रोज सकाळी कुठे बघू?" कंपनी बंद पडली तसा भाऊ परत आला आणि पॉलिशला बसला. हात त्याचा चांगला होता. धीर मात्र नव्हता.

पण चर्चच्या मंडळीत तिची ओळख कवळ्यांमुळे नव्हती. ती होती प्रार्थनेमुळे. कोणाकडे आजारपण असो, मुलाची परीक्षा असो, घराचं काम अडलेलं असो, "दातवाल्या ताईंना बोलवा" असं पहिल्यांदा म्हटलं जायचं. ती उभी राहायची, डोळे मिटायची, आणि तिचा आवाज हलकेच खाली उतरून असा काही वर चढायचा की कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या बायकाही पदर डोळ्यांना लावायच्या. सोंग नव्हतं ते. ती स्वतःही रडायची. फक्त, रडताना समोर कोण कोण रडतंय हे तिला मिटल्या डोळ्यांनी कळायचं.

त्या भांडणानंतर दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे आपल्या खोलीत गुडघे टेकून बसली. पलीकडे भावानं दुकानाचं दार उघडलं, केरसुणी फिरायला लागली, आणि दातवालीचा गळा आपोआप साफ झाला. "प्रभू," ती म्हणाली, आणि तिच्याच कानांना ऐकू आलं की हा आवाज वर चालला नव्हता, तिरका चालला होता. थेट केरसुणीच्या दिशेनं.

ती उठली. मग तिनं ठरवलं, उद्यापासून तो खाली यायच्या आत बसायचं.

आणि तिथंच पंचाईत झाली. घर झोपलेलं, पार्टिशनच्या पलीकडे कोणी नाही, ती गुडघ्यांवर, हात जोडलेले. "प्रभू," म्हणाली. पुढं काही आलंच नाही. नटीनं पहिलं वाक्य टाकावं आणि बघावं तर समोरच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या, तसं तिचं झालं. रोजची वाक्यं जिभेवर होती, पण ऐकायला कोणी नाही म्हटल्यावर ती म्हणायची लाज वाटायला लागली. ऐकायला कोणी नाही. हे मनात आल्याबरोबर ती दचकली. ज्याच्याशी बोलायला बसली होती त्याला तिनं मोजलंच नव्हतं.

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी विश्वास मागितलेली बाई त्या सकाळी ओट्यापाशी उभी राहून चहा न पिता कप विसळत राहिली. भाऊ पुलापलीकडे जाईल ही धास्ती होतीच. पण त्याहून मोठी धास्ती आता आत बसली होती: भाऊ म्हणाला ते खरं असलं तर? या सगळ्या आवाजाखाली आपला म्हणून विश्वास आहे तरी का?

हे सांगायचं कोणाला? मंडळीच्या पाळकांना सांगावं, तर ते तिचंच उदाहरण दर रविवारी देत.

योगायोगानं त्याच आठवड्यात पाळक दुकानात आले, दाढेचं माप द्यायला. दातवालीनं मापाचा मसाला कालवून भरलेला ट्रे त्यांच्या तोंडात बसवला. "आता हलू नका, बोलू नका. घट्ट होईपर्यंत असंच." पाळकांनी मान डोलावली. भाऊ सामान आणायला गेला होता. समोर एक माणूस, ऐकू येणारा आणि बोलू न शकणारा. अशी संधी परत मिळाली नसती.

"पाळकसाहेब, मला प्रार्थना येत नाही."

पाळकांचे डोळे मोठे झाले.

"डोळे मोठे करू नका, माप बिघडेल. लोकांसमोर येते. एकटी बसले की येत नाही. इतकी वर्षं मी बहुतेक पार्टिशनशीच बोलत होते. तुम्ही मला उपासनेत पुढं उभी करता, आणि मी... मला वाटतं, मला विश्वासच नाही. असला तर बोटभर असेल. काही म्हणायचं असेल तर 'ऊं' करू नका, हात वर करा."

पाळकांनी हात वर केला. ट्रे निघाला. त्यांनी तोंड धुतलं, रुमालानं पुसलं, आणि तिला वाटलं आता प्रवचन येणार.

"हे मला सांगितलंत," ते म्हणाले. "त्याला सांगितलंत का?"

"काय सांगू? की विश्वास नाही? त्यालाच?"

"दुसऱ्या कोणाकडे मिळतो तो? मागायचा तर जिथं मिळतो तिथंच मागायला हवा. रोज मागा. मिळाला असं वाटलं तरी मागा, नाही वाटलं तरी मागा." मग थोडे खाली वाकून, जणू भिंती ऐकतील म्हणून हळू आवाजात ते म्हणाले, "ताई, मी दर सोमवारी तिथूनच सुरुवात करतो. रविवारी सगळा खर्च झालेला असतो."

ते गेले. दातवालीनं माप बघितलं. डोळे मोठे केले तरी बिघडलं नव्हतं.

मग सुरू झाली ती लांबलचक, कोरडी वाट. रोज पहाटे, घराला जाग यायच्या आधी, ती बसायची. मागणं एकच. "मला विश्वास दे. तू मला हवा आहेस असं मला वाटू दे." पहिल्या दिवशी हे बोलताना तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिला तो ओळखू येईना. बाकीचा वेळ काय करायचं ते कळायचं नाही. ती वचन वाचायची, परत तेच मागायची, मध्येच प्लास्टर संपलंय हे आठवायचं, मध्येच डुलकी लागायची. एकदा तर मागता मागता ती मनात एका गिऱ्हाईकाचे सुळे घासून बसवून मोकळी झाली. भानावर आली तेव्हा तिला हसू फुटलं. "बघितलंस ना?" ती म्हणाली, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

घरात मात्र खळबळ उडाली होती.

"वन्सं, बरं नाही का तुम्हाला?" भावजयीनं जिन्यातूनच विचारलं.

"का गं?"

"नाही, किती दिवस झाले, सकाळी काही ऐकू येत नाही. आमच्या तक्रारी वरच्या कचेरीत स्वीकारणं बंद झालं की काय?"

"कचेरी चालू आहे. तक्रारदार बदललाय."

"म्हणजे?"

"म्हणजे आता माझ्याच अर्जावर काम चाललंय. तुमचा नंबर मागे गेला."

भावजय तोंडाला पदर लावून हसली आणि वर जाऊन तिनं ते नवऱ्याला सांगितलं असणार, कारण दुपारी भाऊ पॉलिश करताना उगीच दोनदा तिच्याकडे बघून गेला. महिनाअखेर जवळ येत होती. त्या लॅबचं नाव तो मुद्दाम काढायचा. दातवालीच्या ओठांवर रोज सकाळी यायचं, "प्रभू, त्याला जाऊ देऊ नकोस." ती ते म्हणायचीही. पण म्हणून झालं की आपल्या मूळच्या मागण्यावर परत यायची, हट्टी मूल आईच्या पदराकडे येतं तशी.

एका सकाळी मात्र तिला उठवेना. अंग दुखत नव्हतं, ताप नव्हता. नुसता कंटाळा. रोज जाऊन दार ठोठावायचं, आतून कोणी 'कोण' म्हणूनही विचारत नाही. ती अंथरुणात पडून राहिली. तुळईकडे बघत राहिली. मग चिडून उठली, चिडूनच बसली, आणि म्हणाली, "आज माझं मन नाही. काही वाटत नाही. तुझ्यासाठीही नाही, कोणासाठीच नाही. तरी आलेय. हे असंच आहे, आणि उद्याही येणार आहे. देईपर्यंत येणार."

ते बोलून झाल्यावर ती तशीच बसून राहिली. काही उजेड पडला नाही, अंगावर काटा आला नाही. फक्त पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की आपण आत्ता जे बोललो ते कोणाला तरी बोललो. हवेवर कोणी चिडत नाही. शेजारच्या खोलीत माणूस असतं तेव्हा ते दिसत नाही, बोलत नाही, तरी घर रिकामं नाही हे कळतं. तसं कळलं. उठताना गुडघे कुरकुरले आणि ती स्वतःशीच गुणगुणायला लागली.

त्याच दिवशी दुपारी टपरीवाल्या आजी आल्या. बुडबुड्यांची कवळी टाकून दिल्यावर दातवालीनं त्यांना नव्यानं माप घेऊन, स्वतःच्या हातानं, मंद आचेवर दुसरी करून दिली होती. हिरडी काचेसारखी गुळगुळीत. आजींनी ती काढून टेबलावर ठेवली.

"ताई, ही तुझी कवळी मला नको. टोचते. आणि बोलले की खटखट वाजते. गिऱ्हाईक म्हणतं, आजी, टाइप करताय का?"

मोटर बंद झाली. भाऊ मान न वळवता ऐकत होता, हे दातवालीला त्याच्या खांद्यांवरून कळलं. ही कवळी त्याची नव्हती. तिची होती.

"सवय होईल, आजी," हे तिच्या ओठांवर आलं. हे वाक्य तिनं आयुष्यात हजारदा वापरलं होतं, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंही निघतं. तिनं ते गिळलं. कवळी परत आजींना घालायला लावली आणि चाव्याचे ठिपके उमटवणारा निळा कागद दातांमध्ये ठेवला. "चावा." आजींनी चावलं. निळे ठिपके अगदी हवे तिथं पडले. "आता आवंढा गिळा आणि मग चावा." आजींनी आवंढा गिळला. ठिपके सगळे मागच्या एका दाढेवर जमा झाले.

दातवालीनं तो कागद उजेडात धरला.

हे वडिलांनी तिला सगळ्यात आधी शिकवलं होतं. 'चावा' म्हटलं की माणूस जबडा थोडा पुढं काढून चावतो, कोणी बघतंय म्हणून. तो दाखवायचा चावा. त्यावर कवळी बेतली की दुकानात झकास बसते आणि घरी जेवताना छळते. म्हणून आधी आवंढा गिळायला लावायचा. गिळताना जबडा आपसूक आपल्या खऱ्या जागी जातो, आणि माप तेव्हाचं घ्यायचं. भांडण झाल्यावर रागाच्या भरात, भावाला धडा शिकवायच्या घाईत, तिनं आजींना नुसतं 'चावा' म्हटलं होतं.

"माझं चुकलं, आजी," ती म्हणाली. "माप मी चुकीचं घेतलं. घासून भागणार नाही, परत करून देते."

"तू?" आजी म्हणाल्या. "तुझं चुकलं?"

"माझं."

आजी गेल्यावरही भाऊ तसाच पाठमोरा बसून होता. दातवालीला वाटलं, आता टोमणा येणार, आणि तो आपण कमावलेला आहे. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. 'माझं चुकलं' हे भावासमोर, गिऱ्हाईकासमोर, इतक्या सहज कुठून आलं? ते तिच्याकडे नव्हतं. महिनाभर ती एकच गोष्ट मागत होती, आणि ती कुठल्या दारानं आत येईल हे तिनं सांगितलं नव्हतं.

"बाळ्या."

"हं."

"तू त्या दिवशी म्हणालास ना, मी देवाशी बोलते की तुझ्याशी. तुझ्याशी बोलत होते. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती म्हणून देवाला मध्ये घातलं. तुला टोचत असणार, बरीच वर्षं. माफ कर."

भावानं हातातली कवळी फडक्यावर ठेवली. ती चांगली पुसून झाली होती, तरी त्यानं परत पुसली.

"पाळकांनी सांगितलं वाटतं, माफी माग म्हणून."

"पाळकांच्या तोंडात ट्रे होता."

तो हसू दाबत होता. दाबलं गेलं नाही. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "आता आत बसून काय करतेस? काही ऐकू येत नाही. बायको म्हणते, वन्सं झोपतात."

"कधीकधी झोपते पण."

"आणि बाकीचा वेळ?"

"मागते."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीही. पण आधी माझ्यासाठी. मला विश्वास फार कमी आहे रे, बाळ्या. मला वाटायचं माझ्याकडे वाटण्याइतका आहे."

तिनं हे सांगितलं तेव्हा आवाज खाली उतरला नाही आणि वरही चढला नाही. आपल्या बहिणीचा हा आवाज भावानं पूर्वी ऐकला नव्हता.

दातवालीनं मापाची पेटी उघडली, ट्रे मोजून ठेवायला लागली. अंथरुणाला खिळलेल्या एका गिऱ्हाईकाकडे तिला जायचं होतं. भाऊ उठून दाराशी आला, चौकटीला टेकला.

"ताई, उद्या मला त्या लॅबवाल्याला सांगायचंय. जाऊ की राहू?"

"राहा."

"हे कोण सांगतंय?"

"मी. तुझी बहीण. तुझ्यासारखं पॉलिश मला कोणी करून देणार नाही, आणि तू पलीकडे गेलास तर मला करमणार नाही. एवढंच आहे. यात दुसरं कोणी नाही."

"आणि तो काय म्हणतो?"

"कोण?"

"तो. ज्याच्याकडे रोज जाऊन बसतेस. विचारलं असशीलच की माझं. महिनाभर बसलीस, त्यानं काहीतरी सांगितलं असेल. तू सांग, त्याची इच्छा काय आहे. तू म्हणशील ते मी ऐकतो, जा."

तो थट्टा करत नव्हता. चेहरा त्याचा लहान मुलासारखा झाला होता. आणि दातवालीच्या जिभेवर वाक्य तयार होतं, भरदार, गोळीबंद, त्या जुन्या आवाजात: बाळ्या, प्रभूची इच्छा आहे तू इथंच राहावंस. ते म्हटलं असतं तर तो राहिला असता. उद्याचा प्रश्न आत्ता, इथं, उंबऱ्यावर सुटला असता. त्यानं विचारलं होतं तिलाच. तो मानायला तयार होता. आणि प्रभूनं तिला काहीही सांगितलं नव्हतं. तिनं रोज मागितलं होतं, आणि भावाचं काय होईल ते ज्याला मागितलं त्याच्या हाती होतं. तिथं ते बरं होतं. तिच्या जिभेवर असण्यापेक्षा कितीतरी बरं.

तिनं पेटीचं झाकण लावलं, खटका दाबला. पायांत चपला सरकवल्या.

"अगं, बोल की," भाऊ म्हणाला. "काय सांगितलं त्यानं?"

तिनं त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, त्याला थोडं बाजूला केलं, आणि पायरी उतरून ती रस्त्याला लागली.